चावडीवरची जागा : पंच कोण, सदस्य कोण, हिशोब कुणाचा?

 

आज गोष्ट सांगायची आहे ती आपल्याच सातारा-सांगलीची. गावाचा कारभार पूर्वी कोण बघायचं आणि आज कोण बघतं, याची. ऐकताना तीन प्रश्न मनात ठेवा. बैठकीत बसायचं कुणी? प्रश्न विचारायचा कुणी? आणि पैशाचा हिशोब बघायचा कुणी? प्रत्येक काळाला हेच तीन प्रश्न विचारले, की ग्रामपंचायत सदस्य म्हणजे नेमकं काय ते आपोआप कळतं.

आधी जुना काळ घेऊ. शिवकाळात आणि पेशवाईत गावचा तंटा गोतसभेपुढे जायचा. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, आजूबाजूच्या गावचे जाणते लोक असे सगळे बसून निवाडा करत. सभा भरे चारचौघांत, पण तिथली जागा जन्मानं मिळे. पाटलाचा मुलगा पाटील, कुलकर्ण्याचा मुलगा कुलकर्णी. यालाच वतन म्हणत. त्यांना कुणी निवडून दिलेलं नसे, त्यामुळे पाच वर्षांनी 'काय केलंत?' असं विचारायची सोय नव्हती. मुलकी पाटलाचं वंशपरंपरेचं पद आपल्या राज्यात कायद्यानं बंद झालं ते १ जानेवारी १९६३ पासून. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांनी ते डोळ्यांनी बघितलेलं आहे.

इंग्रजांच्या राज्यात १९२० साली मुंबई इलाख्यासाठी ग्रामपंचायतीचा कायदा झाला. पंच निवडून द्यायचे असं ठरलं, पण मत द्यायचा हक्क गावातल्या प्रौढ पुरुषांना. बाई पाणी भरणार, शेत कसणार, पण पाणवठा कुठं व्हावा हे सांगायला तिला मत नव्हतं.

आता येऊ औंधला. यमाईच्या डोंगरामुळं औंध आपल्या सगळ्यांना माहीत आहे. हे गाव म्हणजे एका छोट्या संस्थानाची राजधानी होती. संस्थान एकसलग नव्हतं. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे. आटपाडी आणि कुंडल आज सांगली जिल्ह्यात. गुणदाळ तर तिकडे विजापूरच्या भागात. सगळी मिळून ७२ गावं आणि वस्ती पाऊण लाखाच्या आसपास. राजे होते भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे, चित्रांची आवड असणारे. डोंगरावरचं भवानी संग्रहालय त्यांनीच उभारलेलं.

या राजानं १९३८ च्या नोव्हेंबरात, आपल्या वाढदिवशी, जाहीर केलं की कारभार आता रयतेच्या हाती देणार. त्यामागं त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत होते आणि मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंडहून आलेले एक इंजिनिअर. फ्रीडमनसाहेबांना गांधीजी भारतानंद म्हणून ओळखत. ही मंडळी सेवाग्रामला जाऊन गांधीजींशी बोलली आणि त्यांच्या सल्ल्यानं औंधच्या स्वराज्याची घटना तयार झाली. २१ जानेवारी १९३९ ला ती लागू झाली. देशाला स्वातंत्र्य मिळायला अजून साडेआठ वर्षं होती.

त्या घटनेची मांडणी साधी होती. प्रत्येक गावानं पाच पंच निवडायचे. पंचांनी आपला अध्यक्ष निवडायचा. तालुक्यातले असे अध्यक्ष एकत्र बसून तालुक्याचा कारभार बघणार आणि तालुक्यातून वर विधिमंडळात माणसं जाणार. शाळा, पाणी, रस्ते, स्वच्छता, गावातले तंटे ही कामं पंचांकडे आली. सत्ता राजवाड्यातून खाली झिरपायची नाही, तर चावडीपासून वर चढायची, असा तो विचार.

औंध संस्थानातच, आटपाडीजवळ, स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत निघाली. तिथं कैद्यांना भिंतीआड कोंडायचं सोडून शेती करत माणसांसारखं राहू दिलं. व्ही. शांतारामांचा 'दो आँखें बारह हाथ' हा सिनेमा याच प्रयोगावरून सुचला. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर याच मुलखातले. कैद्यावर विश्वास टाकता येतो, तर रयतेवर का नाही, असंच जणू त्या काळी औंधमध्ये ठरलं होतं.

पण मैत्रिणींनो, राजानं दिलेला हक्क राजाच्या राज्याबरोबरच गेला. ८ मार्च १९४८ ला दक्षिणेतली संस्थानं मुंबई राज्यात विलीन झाली, त्यात औंधही होतं. पाच पंचांची ती पद्धत तिथं थांबली. आज आपण ८ मार्च महिला दिन म्हणून साजरा करतो, तेव्हा ही आठवणही ठेवायला हरकत नाही. दिलेला हक्क टिकवायचा तर तो कायद्यात हवा आणि लोकांच्या सवयीतही हवा.

याच काळात शेजारी आणखी एक गोष्ट चालली होती. १९४२ च्या चळवळीनंतर सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा-सांगलीत, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. कुंडल हे त्याचं मोठं ठिकाण. १९४३ ते १९४६ या काळात गावोगावी लोकांच्या पंचांनी न्याय केला, सावकारीला आळा घातला, कमी खर्चाची लग्नं लावली. बायांनी निरोप पोचवले, भूमिगतांना भाकरी दिली, जीव धोक्यात घातला. क्रांतिसिंहांच्या कन्या हौसाताई पाटील स्वतः या लढ्यात होत्या. पण न्यायाच्या बैठकीत बसलेल्यांची नावं बघायला गेलं, तर ती बहुतेक पुरुषांचीच सापडतात. धोका पत्करताना बाई चालते आणि निवाडा करताना तिला दाराआड बसवतात, ही रीत क्रांतीच्या काळातही पुरती मोडली नव्हती.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेनं प्रत्येक प्रौढ बाईला मत दिलं. १९५८ साली आजचा ग्रामपंचायत कायदा झाला. त्यानंतर देवराष्ट्र्याला जन्मलेले आणि कऱ्हाडात वाढलेले यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना जिल्हा परिषदांचा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद, पंचायत समिती सुरू झाल्या. पण त्यात बायांसाठी जागा मोजक्याच. निवडून कुणी आली नाही तर एक-दोघींना आत घ्यायचं, एवढीच सोय. घरात पाहुणी आली की तिला पाट देतात, पण घरचा व्यवहार तिला विचारत नाहीत. तशातली गत.

खरा बदल झाला ७३ व्या घटनादुरुस्तीनं. २४ एप्रिल १९९३ पासून ती लागू झाली. पंचायतीतल्या एक तृतीयांश जागा आणि एक तृतीयांश सरपंचपदं बायांसाठी राखीव झाली. २०११ मध्ये महाराष्ट्रानं हे प्रमाण निम्म्यावर नेलं. म्हणजे बसायची जागा आता कुणाच्या मेहेरबानीवर राहिली नाही. ती घटनेत लिहिलेली आहे.

मग उरले दोन प्रश्न. विचारायचं कुणी आणि हिशोब बघायचा कुणी? इथंच आपली गाडी अडते. 'मॅडम, इथं सही करा' म्हणत रजिस्टर घरी येतं. मिटिंगला मालक जातात आणि बाई चुलीपाशीच राहते. अशा ठिकाणी जागा बाईची असली तरी काळ मात्र जुन्या वतनाचाच चाललेला असतो. म्हणून सदस्यताईंनी आपले हक्क नीट समजून घ्यावेत.

एक, मासिक सभा. ग्रामपंचायतीची सभा महिन्यातून एकदा तरी झालीच पाहिजे. तिची नोटीस विषयांसकट तीन पूर्ण दिवस आधी मिळाली पाहिजे. सभेत बसायचा आणि मत द्यायचा अधिकार निवडून आलेल्या व्यक्तीचा आहे, तिच्या नवऱ्याचा, दिराचा किंवा मुलाचा नाही. निम्मे सदस्य हजर नसतील तर गणपूर्ती होत नाही, म्हणून आपली हजेरी मोलाची.

दोन, प्रश्न आणि ठराव. सदस्याला कामाबद्दल प्रश्न विचारता येतो, ठराव मांडता येतो. एखादा ठराव पटला नाही तर 'माझा विरोध नावासकट लिहून घ्या' असं सांगावं. पुढच्या सभेत मागचं प्रोसिडिंग वाचून कायम होतं, ते कान देऊन ऐकावं. कोऱ्या पानावर सही करू नये. वाचता येत नसेल तर दुसऱ्या बाईकडून वाचून घ्यावं. त्यात कमीपणा नाही.

तीन, पैसा. ग्रामपंचायतीच्या खात्यातून पैसे काढायला सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी या दोघांची सही लागते. महिला सरपंचानं ही सही काय बघून करायची ते ठरवायला हवं. गावाच्या स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के हिस्सा महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. तो कशावर झाला, हे विचारायचा हक्क गटातल्या प्रत्येक बाईला आहे.

चार, ग्रामसभा. वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि त्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यातली जी संख्या कमी असेल तेवढे लोक हजर लागतात. दोन-चार बचत गट ठरवून गेले तर महिला सभा नीट भरते. तिथं झालेली मागणी मग मोठ्या ग्रामसभेत मांडता येते.

हक्काबरोबर कर्तव्यही आलं. घरपट्टी-पाणीपट्टीचं बिल आल्यावर तीन महिन्यांत भरलं नाही तर सदस्यत्व जाऊ शकतं. पंचायतीच्या ठेक्यात स्वतःचा हितसंबंध चालत नाही. सरकारी जागेवर अतिक्रमण चालत नाही. परवानगी न घेता सलग सहा महिने सभेला गेलं नाही तर पद जातं. म्हणून 'मिटिंगला मालक जातात' म्हणणाऱ्या ताईंनी हे लक्षात ठेवावं. मालकांची हजेरी तुमच्या नावावर धरत नाहीत.

आणि कुणी भीती घातली की 'अविश्वास आणून खाली खेचू', तर हेही माहीत असू द्या. महिला सरपंचाविरुद्ध अविश्वास ठराव पास व्हायला तीन चतुर्थांश सदस्य लागतात. दोघा-चौघांच्या रागानं खुर्ची जात नाही.

तर मैत्रिणींनो, गोतसभेत जागा जन्मानं मिळायची. औंधात ती राजानं दिली आणि संस्थानाबरोबर संपली. आज ती घटनेनं दिली आहे, पण रिकामी ठेवली तर तिच्यावर दुसरं कुणीतरी बसतंच. पुढच्या मासिक सभेला स्वतः जा. जाताना नोटिशीतला निदान एक विषय आधी गटात बोलून घ्या आणि सभेत त्यावर एक तरी प्रश्न विचारा. काय उत्तर मिळालं ते गटाच्या वहीत तारखेसकट लिहून ठेवा. सहा महिन्यांनी ती वहीच सांगेल, आपल्या गावात कारभार कोण करतं ते.