हँडलचा तडाखा आणि शेवटचा चिमटा

बॅटरी उतरलेल्या मोटारीला दुसऱ्या मोटारीवरून 'जंप' देताना चार चिमटे लावावे लागतात. त्यांतील चौथा, म्हणजे काळ्या केबलचा शेवटचा चिमटा, बंद पडलेल्या बॅटरीला लावायचा नसतो. तो त्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून शक्य तितका दूर, लावतात. हा नियम समजून घ्यायचा तर थोडे मागे जावे लागते. #थ्रेड

विसाव्या शतकाच्या आरंभी मोटार सुरू होई ती हँडलने. ठिणगी वेळेआधी पडली की इंजिन उलटे उसळे आणि लोखंडी हँडल फिरवणाऱ्याच्याच हातावर आदळे. मनगटाजवळच्या एका अस्थिभंगाला वैद्यकात आजही 'शोफर्स फ्रॅक्चर' म्हणतात. ते नाव या हँडलचेच देणे.

१९०८ मध्ये अमेरिकी मोटारनिर्माता बायरन कार्टर मरण पावला. वाटेत अडकलेल्या एका स्त्रीची गाडी सुरू करून देताना हँडल त्याच्या जबड्यावर बसले आणि त्या दुखापतीतून तो उठला नाही, अशी कथा सांगितली जाते. तिचे तपशील वादग्रस्त आहेत. पण या मृत्यूने कॅडिलॅकचा प्रमुख हेन्री लेलँड व्यथित झाला आणि त्याने हँडल हद्दपार करण्याचा निश्चय केला, असे त्याच कथेत पुढे येते.

ते काम केले चार्ल्स केटरिंगने. इंजिन फिरवू शकणारी विद्युत मोटर जवळपास इंजिनाएवढीच मोठी लागेल, असा तत्कालीन समज होता. केटरिंगने पूर्वी दुकानातील कॅश रजिस्टरसाठी मोटर बनवली होती. तिला दिवसभर फिरायचे नव्हते, क्षणभर जोर लावायचा होता. इंजिनाचेही तेच! लहान मोटरवर काही सेकंद भरमसाट भार टाकला तरी ती जळत नाही, इतकी साधी ही युक्ती. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये सेल्फ-स्टार्टर आला. तीच मोटर इंजिन चालू झाल्यावर जनित्र बनून बॅटरी भरत असे.

त्या काही सेकंदांचा प्रचंड प्रवाह पुरवणारी शिसे-आम्ल बॅटरी मात्र जुनी होती. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते याने ती १८५९ मध्येच बनवली होती. पुढे हँडल हळूहळू गाड्यांतून नाहीसे झाले आणि बॅटरी उतरली की धक्का मारणे किंवा शेजाऱ्याचा प्रवाह उसना घेणे एवढेच मार्ग उरले.

हाताचा धोका गेला, पण दुसरा आला. १८०० मध्ये निकल्सन आणि कार्लाइल यांनी विजेने पाण्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन वेगळे केले होते. बॅटरी भरताना तिच्या पोटात हेच घडते. हवेत सुमारे ४ टक्के हायड्रोजन असला तरी तो पेट घेऊ शकतो, आणि मंडल पूर्ण करणाऱ्या शेवटच्या जोडणीला ठिणगी हमखास उडते. ठिणगी टळत नाही. म्हणून तिची जागा बदलली.

क्रम असा: लाल चिमटा बंद बॅटरीच्या धन टोकाला, दुसरा लाल चालू बॅटरीच्या धन टोकाला, काळा तिच्या ऋण टोकाला आणि उरलेला काळा बंद गाडीच्या इंजिनाला. काढताना बरोबर उलट. फुगलेल्या, तडकलेल्या किंवा गोठलेल्या बॅटरीला जंप देऊ नये.

जुन्या गाड्यांच्या हौशींनी येथे थांबून पाहावे. १९५० च्या दशकात अमेरिकी गाड्या ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर गेल्या, आणि अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत सांगाड्याला धन टोक जोडलेले असे. अशा गाडीला वरील क्रम जसाच्या तसा लागू पडत नाही. शिवाय १९६० च्या दशकात डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर रूढ होऊ लागला. उलटी जोडणी झाली की त्यातील डायोड क्षणात जळतात. बॉनेट उघडल्यावर चिमट्यांआधी हात जायला हवा तो बॅटरीवरील + आणि − या खुणा पुसून पाहण्यासाठी.