इंटिग्रॉनांचा संगणकीय शोध
जीवाणूंच्या डीएनएमध्ये बाहेरून आलेली जनुके (आनुवंशिक गुणधर्मांची एकके) पकडून, ती एका ओळीत मांडून कार्यान्वित करणाऱ्या घटकास ‘इंटिग्रॉन’ म्हणतात. त्याचे तीन भाग असतात : जनुके जोडणारे व सोडविणारे इंटिग्रेज एंझाइम ज्यापासून तयार होते ते जनुक, नव्या जनुकाच्या जोडणीची जागा आणि जोडलेल्या जनुकांना कार्यप्रवृत्त करणारा प्रवर्तक. पकडलेले जनुक व त्याच्या शेवटी असणारा जोडणीचा लहान खंड मिळून ‘जनुक-पेटिका’ होते. इंटिग्रॉन स्वतः स्थलांतर करीत नाही; मात्र प्लाझ्मिडांसारख्या चल घटकांवर बसून तो एका जीवाणूतून दुसऱ्यात जातो. अनेक प्रतिजैव पदार्थांना एकाच वेळी दाद न देणारे रोगजंतू निर्माण होण्यामागे हे एक प्रमुख कारण आहे.

इतिहास : जपानमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर शिगेला जंतूंमुळे होणाऱ्या आमांशावर अनेक औषधे एकदम निरुपयोगी ठरू लागली. हा प्रतिरोध एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो, हे १९५९ मध्ये ओचिआई व आकिबा यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखविले. पुढे निरनिराळ्या प्लाझ्मिडांच्या अभ्यासात, दोन्ही बाजूंचे खंड सारखे पण मधली प्रतिरोधी जनुके वेगळी, असे आढळले. त्याचा उलगडा करून एच्. डब्ल्यू. स्टोक्स व रूथ हॉल यांनी १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियात या घटकास इंटिग्रॉन हे नाव दिले. १९९८ मध्ये दिद्ये माझेल व त्यांचे सहकारी यांनी पटकीच्या जंतूतील प्रचंड इंटिग्रॉनाचे वर्णन केले. २००० साली या जंतूचा संपूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला, तेव्हा हा इंटिग्रॉन सु. १,२५,००० क्षारक-जोड्यांचा असून त्यात १७० हून अधिक पेटिका असल्याचे दिसले. यांतील बहुसंख्य पेटिकांचा प्रतिजैव पदार्थांशी संबंध नाही. यावरून इंटिग्रॉन ही औषधयुगाच्या फार पूर्वीची व्यवस्था असून औषधांच्या वापरामुळे ती प्रतिरोधाच्या कामी आली, हे स्पष्ट झाले.

शोधाची पद्धती : जीनोमांची संख्या वाढल्यावर इंटिग्रॉन हाताने शोधणे अशक्य झाले. इंटिग्रेजाचे जनुक ओळखणे तुलनेने सोपे असते. पेटिकांच्या टोकाच्या खंडांची मात्र लांबी वेगवेगळी असते आणि त्यांतील क्षारकांच्या क्रमात फारच थोडे साम्य असते. त्यामुळे अक्षरे जुळवून पाहणाऱ्या पद्धती येथे अपुऱ्या पडतात. या खंडाची एकेरी साखळी घडी घालून विशिष्ट आकार घेते व एंझाइम तो आकार ओळखते. घडीतील एक क्षारक बदलला, तरी त्याचा जोडीदारही अनुरूप बदलल्यास आकार कायम राहतो. असे जोडीने होणारे बदल टिपणारी सांख्यिकीय प्रतिमाने शॉन एडी व रिचर्ड डर्बिन यांनी १९९४ मध्ये आरएनए रेणूंसाठी तयार केली होती. त्यांचाच उपयोग करून पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील संशोधकांनी २०१६ मध्ये ‘इंटिग्रॉनफाइंडर’ ही संगणकप्रणाली प्रसिद्ध केली. तिची सुधारित आवृत्ती २०२२ मध्ये निघाली. पूर्ण इंटिग्रॉन, पेटिकाविरहित इंटिग्रेज आणि इंटिग्रेजविरहित पेटिकासमूह असे तीन प्रकार ती वेगळे दाखविते. यांपैकी तिसरा प्रकार आधीच्या शोधांतून सहज निसटत असे.

भारतातील संशोधन : हैदराबादजवळ औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातील ९३ जीवाणू-वाणांचा अभ्यास नचिकेत मराठे, पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातील योगेश शौचे व स्वीडनमधील संशोधक यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी ८८ वाणांत इंटिग्रॉन आढळले. ही तपासणी प्रयोगशाळेतील होती. पुढे औषधनिर्मितीच्या सांडपाण्याने दूषित झालेल्या भारतीय नद्यांच्या गाळातून पेटिकांचे क्षारकक्रम मोठ्या प्रमाणावर वाचून संगणकाने तपासण्यात आले. त्यातून २०१७ मध्ये सल्फा औषधांविरुद्धचे चौथे चल प्रतिरोधी जनुक उजेडात आले. तोवर अशी तीनच जनुके ज्ञात होती. त्याच वर्षी पुण्याच्या मुठा नदीच्या गाळाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अखेरचा उपाय म्हणून वापरल्या जाणाऱ्या औषधांविरुद्धची जनुकेही त्यात आढळली व त्याचे कारण शहराचे प्रक्रिया न केलेले मैलापाणी असल्याचे दिसून आले. मुंबईतील एका रुग्णालयाच्या सांडपाण्यातून २०१९ मध्ये अशी आणखी काही अपरिचित जनुके नोंदली गेली.

मुठेच्या अभ्यासाचा निष्कर्ष इतर शहरांनाही लागू पडणारा आहे. कोल्हापुरात जयंती नाल्यावाटे पंचगंगेत मिसळणारे मैलापाणी हा जुना प्रश्न आहे. मुठा भीमेमार्गे व पंचगंगा नरसोबाच्या वाडीजवळ, अशा दोन्ही नद्या अखेर कृष्णेलाच मिळतात. अशा पाण्यात माणसांच्या आतड्यांतील व निसर्गातील जीवाणू एकत्र येतात आणि पेटिकांच्या देवघेवीस वाव मिळतो.

मर्यादा : गाळातील डीएनएचे क्षारकक्रम तुकड्यातुकड्यांनी वाचले जातात, त्यामुळे लांब इंटिग्रॉन खंडित दिसतो आणि तो कोणत्या जीवाणूचा हे पुष्कळदा ठरविता येत नाही. संगणक जनुकाचे अस्तित्व दाखवितो. ते कार्यक्षम आहे की नाही, याचा निर्णय प्रयोगशाळेतच होतो.