ड्रायव्हर बॅकअप

ड्रायव्हर बॅकअप म्हणजे संगणकातील व संगणकाला जोडलेली उपकरणे चालवणाऱ्या 'ड्रायव्हर' या आज्ञावलींची प्रत काढून ती सुरक्षित ठिकाणी ठेवण्याची प्रक्रिया होय. संचालन प्रणाली नव्याने बसवण्यापूर्वी किंवा हार्ड डिस्क बदलण्यापूर्वी ही प्रत काढतात. त्यासाठी लागणारी साधने मोफत मिळतात. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये तर ती मुळातच समाविष्ट असतात.

ड्रायव्हरचे स्वरूप

संचालन प्रणाली आणि छपाईयंत्र, ध्वनिकार्ड, वाय-फाय यांसारखी उपकरणे यांच्यामध्ये ड्रायव्हर दुभाष्याचे काम करतो. विंडोजमध्ये एक ड्रायव्हर म्हणजे अनेक फाइलींचा संच असतो. त्यातील 'आयएनएफ' फाइलीत उपकरणाची ओळख व स्थापनेच्या सूचना, 'एसवायएस' फाइलीत प्रत्यक्ष आज्ञावली आणि 'सीएटी' फाइलीत संचाची अंकीय स्वाक्षरी असते. विंडोज व्हिस्टापासून हे संच 'ड्रायव्हर स्टोअर' नावाच्या फोल्डरमध्ये साठवले जातात. यांपैकी एखादी फाइल गहाळ झाल्यास ड्रायव्हर बसत नाही किंवा प्रणाली तो नाकारते. त्यामुळे सुट्या फाइली न उचलता पूर्ण संचाची प्रत घ्यावी लागते.

आवश्यकता

विंडोज नव्याने बसवल्यावर बहुतेक ड्रायव्हर इंटरनेटवरून आपोआप उतरवले जातात. मात्र वाय-फाय किंवा लॅन कार्डाचाच ड्रायव्हर नसेल तर इंटरनेट मिळत नाही आणि इंटरनेट नसल्याने तो ड्रायव्हरही उतरवता येत नाही. काही नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क नियंत्रकाचा ड्रायव्हर दिल्याशिवाय स्थापनेच्या वेळी डिस्कच दिसत नाही.

जुन्या उपकरणांच्या बाबतीत ही गरज अधिक तीव्र असते. उत्पादक कंपन्या कालांतराने जुने ड्रायव्हर संकेतस्थळावरून काढून टाकतात. इंटेलने २०१९ मध्ये आपल्या अनेक जुन्या उत्पादनांचे ड्रायव्हर अशा प्रकारे हटवले. अशा वेळी चालू स्थितीतील स्कॅनर किंवा छपाईयंत्र केवळ ड्रायव्हरअभावी निकामी ठरून ई-कचऱ्यात जाऊ शकते.

विंडोजमधील अंगभूत साधने

'डीआयएसएम' या साधनातील ड्रायव्हर निर्यातीची आज्ञा प्रशासक अधिकारासह दिल्यास उत्पादकांनी पुरवलेले सर्व ड्रायव्हर नेमून दिलेल्या फोल्डरमध्ये उतरतात. विंडोजसोबत आलेले मूळ ड्रायव्हर त्यात येत नाहीत. नव्या स्थापनेत ते पुन्हा मिळत असल्याने त्यांची गरजही नसते. संगणक सुरू होत नसला तरी डिस्क वाचता येत असल्यास, ती दुसऱ्या संगणकाला जोडून त्यावरील विंडोजमधून हीच निर्यात करता येते. 'पीएनपीयुटिल' हे दुसरे साधन असून त्यातील निर्यातीची सोय विंडोज १० च्या १६०७ या आवृत्तीपासून उपलब्ध आहे.

अन्य मोफत साधने

आज्ञा टंकित करण्याऐवजी खिडक्या व बटणे असलेली आज्ञावली हवी असल्यास 'डबल ड्रायव्हर' आणि 'ड्रायव्हर स्टोअर एक्सप्लोरर' यांसारखी साधने वापरली जातात. 'मोफत' आणि 'मुक्त' या संज्ञांत फरक आहे. 'डबल ड्रायव्हर' विनामूल्य मिळते, तर 'ड्रायव्हर स्टोअर एक्सप्लोरर'चा स्रोतसंकेतही खुला आहे. ड्रायव्हर मोफत अद्ययावत करून देण्याचा दावा करणाऱ्या काही आज्ञावलींसोबत जाहिराती किंवा घातक आज्ञावली येत असल्याने त्या केवळ मूळ संकेतस्थळावरूनच घेणे इष्ट ठरते.

साठवण व पुनर्स्थापना

प्रत त्याच डिस्कवर ठेवल्यास डिस्क पुसताना ती नष्ट होते. म्हणून ती पेन ड्राइव्ह किंवा बाह्य डिस्कवर ठेवतात. फोल्डरच्या नावात संगणकाचे मॉडेल, विंडोजची आवृत्ती व दिनांक नोंदवल्यास पुढे गोंधळ होत नाही. पुनर्स्थापनेसाठी 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये संबंधित उपकरण निवडून ड्रायव्हर शोधण्यासाठी हा फोल्डर दाखवतात. सर्व ड्रायव्हर एकत्र बसवण्यासाठी 'पीएनपीयुटिल' उपयोगी पडते. ६४-बिट प्रणालीचे ड्रायव्हर ३२-बिट प्रणालीत चालत नाहीत. एखादा ड्रायव्हर सदोष असेल तर त्याचा दोषही प्रतीसोबत परत येतो.

लिनक्स व मुक्त सॉफ्टवेअर

लिनक्समध्ये बहुसंख्य ड्रायव्हर गाभ्याचाच, म्हणजे कर्नलचा, भाग असल्याने वेगळी प्रत काढण्याची गरज सहसा पडत नाही. पुणे येथे मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेची 'बॉस' ही मराठीसह अनेक भारतीय भाषांना आधार देणारी प्रणाली डेबियन लिनक्सवर आधारलेली असल्याने तिलाही हे लागू होते. मात्र काही वाय-फाय कार्डांना स्वतंत्र फर्मवेअर लागते. ते आधीच उतरवून ठेवणे सोयीचे असते.

मुक्त सॉफ्टवेअर चळवळीच्या प्रारंभाशीही छपाईयंत्राच्या आज्ञावलीचा संबंध आहे. एमआयटी येथील प्रयोगशाळेत झेरॉक्सच्या छपाईयंत्राच्या आज्ञावलीचा स्रोतसंकेत मिळू न शकल्याने तिच्यात सुधारणा करता आली नाही. या अनुभवाचा आपल्या विचारांवर परिणाम झाल्याचे रिचर्ड स्टॉलमन यांनी सांगितले आहे. त्यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. ड्रायव्हरचा स्रोतसंकेत खुला असल्यास उत्पादकाने साथ सोडल्यानंतरही इतरांना तो नव्या प्रणालींसाठी सुधारता येतो. बंदिस्त ड्रायव्हरच्या बाबतीत मात्र वापरकर्त्याने जपून ठेवलेली प्रत हाच अनेकदा शेवटचा आधार ठरतो.