करवतीची जात

गेल्या पावसाळ्यात पेणला वर्गात मी एका मुलाचा एक गुण कापला. प्रश्न साधा होता : पाकटाच्या नात्यातला एखादा मासा लिहा. खाडीकाठच्या त्या मुलाने लिहिले, ‘करवत मासा’. लांबट अंग, पाठीवर उभे पर, मुशीसारखे शेपूट, हे काय पाकट झाले? मी तांबडी फुली मारली. मुलगा मान खाली घालून म्हणाला, “गुरुजी, आमची आजी तसंच सांगते.”

वाचकहो, आजीच्या आधाराने विज्ञानाचे पेपर तपासू लागलो तर आमची नोकरी टिकायची नाही! पण मनात कुठेतरी खुटखुट राहिली, आणि मी पुस्तके काढून बसलो.

तर मंडळी, या प्रकरणात भल्याभल्यांनी मार खाल्ला आहे. ऍरिस्टॉटलने सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच मुशी आणि पाकटे यांची एक मोट बांधली होती, कारण दोघांच्या अंगात हाड नसते, कूर्चा असते. आपल्या कानाच्या वरच्या कडक भागात असते तशीच. एका जातीच्या मुशीची पिल्ले आईच्या पोटात नाळेने जोडलेली असतात, हेही त्याने टिपले होते. पुढे कित्येक शतके ते फारसे कोणी मनावर घेतले नाही. योहानेस म्यूलर या जर्मन पंडिताने 1840 च्या सुमारास ते ताडून पाहिले, तेव्हा म्हातारा खरा ठरला.

मध्यंतरी 1758 मध्ये स्वीडनच्या लिनियसने सगळ्या प्राणिमात्रांची खानेसुमारी केली. त्याने मुशी आणि पाकटे माशांत घातलीच नाहीत. बेडूक, साप आणि कासवांच्या पंक्तीला नेऊन बसवली! आणि करवत मासा? तो त्याने मुशीच्या घरात टाकला. म्हणजे माझी चूक निदान थोरामोठ्यांची होती. पुढच्या शास्त्रज्ञांनी ती दुरुस्त केली. मला मात्र वर्गात उभे राहायचे होते.

एका रविवारी गाडीने रोह्याला उतरलो. कुंडलिकेच्या खाडीकाठी त्या मुलाच्या आजोळी गेलो. ओटीच्या भिंतीवर, देवाच्या तसबिरींच्या खाली, हाताएवढी करवत टांगलेली. दोन्ही कडांना दात, त्यांतले चारपाच पडलेले. म्हातारी मासळी निवडत होती. मी विचारले, “आजी, हा मुशीतला नाही कशावरून?”

“मास्तर, वरून काय बघता? उलटा करून बघा,” ती म्हणाली. पाटीतली लहानशी मुशी उचलून तिने तिच्या मानेजवळच्या चिरा दाखवल्या. त्या बाजूला होत्या. मग पाकट पालथे केले. चिरा खाली, पोटाकडे. “करवतीच्या पण खालीच. माझ्या मालकानं आणला तेव्हा मीच कापला होता.”

झाले! शास्त्रज्ञांची कसोटी हीच आहे. कल्ल्यांच्या चिरा बाजूला असल्या तर मुशी, खाली असल्या तर पाकटाची जात. करवत आहे म्हणून फसू नये : दूरच्या समुद्रांत करवतीची खरी मुशीही असते, तिच्या चिरा बाजूलाच असतात. सारख्या कामाला दोन घराण्यांनी सारखेच हत्यार घडवले. भिंतीवरचे ते दातही तोंडातले नव्हेत, अंगावरच्या खवल्यांचेच रूप. मुशीच्या तोंडातला दात पडला की मागचा पुढे सरकतो. करवतीचा समूळ गेला की गेला.

आणखी एक गोष्ट मी वर्षानुवर्षे चुकीची शिकवली. कूर्चा आधीची, हाड नंतरचे, म्हणून मुशी मागासलेली, असे मी सांगत असे. 2020 मध्ये मंगोलियातल्या सुमारे 41 कोटी वर्षांच्या एका माशाच्या अवशेषात आतून भरलेले हाड असल्याचे प्रसिद्ध झाले. तेव्हा मुशीच्या पूर्वजांना हाड असावे आणि त्यांनी ते पुढे टाकले असावे, असे आता मानतात. आपल्या सह्याद्रीचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी वाहत होता, तेव्हा या कुळाच्या कितीतरी पिढ्या पाण्यात होऊन गेल्या होत्या.

“आता कधी येतो का जाळ्यात?” मी विचारले.

“या पोरानं तर जिता कधी बघितलाच नाही. ही करवतच बघितली.”

त्या दातांनीच त्याचा घात केला. जाळ्यात करवत अडकली की सुटत नाही, आणि नायलॉनचे जाळे तर तुटतही नाही. 2001 मध्ये कायद्याने त्याला संरक्षण मिळाले. तोवर फार उशीर झाला होता.

निघताना म्हातारीने विचारले, “मग मास्तर, पोराचा मार्क?”

सोमवारी वही मागवली, फुलीवर रेघ मारली आणि शेजारी एक लिहिला. मुलाने वही दप्तरात घालण्यापूर्वी बेरीज पुन्हा करून पाहिली.