चालू गाडी, रिकामी जागा : मोटार कायद्यातील एका वाक्याचा इतिहास

'गाडी चालू आहे' हे मराठी वाक्य गाडी जागची हलली नसली तरी खरे ठरते. 'चालणे' या क्रियापदातून आलेले हे विशेषण मोटारीच्या बाबतीत चाकांकडून इंजिनाकडे कधी सरकले, ते आपल्या ध्यानातही आले नाही. बैलगाडीच्या काळात अशा शब्दाची गरज नव्हती. गाडी चालत असे किंवा सोडलेली असे. उभी असून चालू असणे ही यंत्राने आणलेली तिसरी अवस्था आहे. इंग्रजी या अवस्थेला 'आयडलिंग' म्हणते आणि त्या शब्दात रिकामपणाचा ठपका आहे. मराठी मात्र तिच्याकडे काम सुरू असल्यासारखे पाहते. नांदेडच्या मोंढ्यात किंवा लातूरच्या बसस्थानकावर इंजिन चालू ठेवून खाली उतरणाऱ्या चालकाला आपण काही गैर करतो आहोत असे वाटत नाही, याचे एक कारण भाषेतही असावे.

या तिसऱ्या अवस्थेविषयी भारतीय कायद्यात एक वाक्य आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२६ मध्ये ते सापडते. त्याचा आशय असा : सार्वजनिक ठिकाणी कोणतेही मोटार वाहन उभे ठेवता येणार नाही, अपवाद दोनच. चालकाच्या आसनावर रीतसर परवाना असलेली व्यक्ती बसलेली असावी; किंवा यंत्रणा बंद करून ब्रेक लावलेला असावा, अथवा चालकाच्या गैरहजेरीत वाहन अपघाताने हलू नये यासाठी दुसरी काही उपाययोजना केलेली असावी. हे कलम १९८८ चे नव्हे. १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमात ते कलम ८४ म्हणून होते आणि नव्या कायद्यात जवळजवळ जसेच्या तसे उतरले.

कायद्याचे वाक्य हेही बारकाईने वाचण्याजोगे गद्य असते, म्हणून साहित्याच्या अभ्यासकांनी या वाक्यापाशी थोडे थांबावे असे आम्हांला वाटते. त्यातील 'अथवा' नेमका कशाला जोडायचा? तो केवळ ब्रेकला जोडला, तर यंत्रणा बंद करणे अनिवार्य ठरते आणि ब्रेकऐवजी चाकाखाली दगड चालतो. तो संपूर्ण उपवाक्याला जोडला, तर इंजिन चालू असूनही चाकाखाली दगड लावलेली गाडी कायदेशीर ठरते. दुसरी गोष्ट 'अपघाताने' या शब्दाची. गाडी आपोआप सुटू नये एवढीच चिंता येथे आहे. कोणी जाणूनबुजून ती पळवील, ही चिंता या वाक्यात नाही. आणि तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची : परवानाधारक माणूस आसनावर बसून असेल, तर इंजिन दिवसभर चालू ठेवायलाही हे कलम हरकत घेत नाही. म्हणजे या वाक्याचा विषय धूर नाही, इंधन नाही, आवाजही नाही. त्याचा विषय आहे रिकामे आसन.

ही चिंता मोटारीपेक्षा जुनी आहे. इंग्लंडच्या १८३५ च्या महामार्ग कायद्याने गाडीवानाला एक गुन्हा नेमून दिला होता : जनावरांवर ताबा राहणार नाही इतक्या अंतरावर गाडीपासून दूर जाणे. कासरा हाताशी हवा, एवढेच त्याचे सार. १९०४ च्या ब्रिटिश मोटारविषयक आदेशात हीच कल्पना यंत्राला लावली गेली. आपल्या गैरहजेरीत मोटार सुरू होणार नाही याची खबरदारी घेतल्याशिवाय चालकाने ती सोडून जाऊ नये, असे त्यात म्हटले होते. बैलाला स्वतःची इच्छा असते, म्हणून त्याच्यापाशी माणूस हवा. मोटारीला इच्छा नसते, परंतु ती चालू असेल तर इच्छा असल्यासारखी वागू शकते. कायद्याने मोटारीकडे प्रथम एका अनोळखी जनावरासारखे पाहिले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

मराठवाड्यात हे वाक्य वळसा घालून आले. ब्रिटिश मुंबई इलाख्यात १९०४ पासून मोटारींसाठी वेगळा कायदा होता आणि १९१४ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एक कायदा झाला. नांदेड आणि लातूर मात्र निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तेथे सरकारी बसवाहतूक १९३२ मध्ये सुरू झाली ती निजामाच्या रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागामार्फत, २७ गाड्या आणि १६६ कर्मचारी घेऊन. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५१ च्या सुमारास अनेक केंद्रीय अधिनियमांबरोबर १९३९ चा मोटार कायदाही येथे लागू झाला. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६१ मध्ये मराठवाड्याची सरकारी बससेवा महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात विलीन झाली. लातूर तर १९८२ पर्यंत तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव, जिल्ह्याचा भाग होते.

पुनर्रचनेनंतर मुंबई राज्याचा १९५१ चा पोलीस अधिनियमही या भागाला लागू झाला. त्याचे कलम १०२ माल किंवा प्रवासी चढवण्या-उतरवण्यास लागेल त्याहून अधिक वेळ जनावर अथवा वाहन रस्त्यात उभे ठेवून अडथळा करण्यास मनाई करते. येथे बैल आणि ट्रक एकाच वाक्यात शेजारी उभे आहेत. लातूरची गंजगोलाई डोळ्यांसमोर आणली की हे शेजारपण समजते. चहूकडून रस्ते येऊन मिळणाऱ्या त्या गोलाकार बाजारपेठेत बैलगाडी, टेम्पो, ट्रॅक्टर आणि रिक्षा ही चार युगे दीर्घकाळ एकाच वेळी उभी राहात आली आहेत.

मोटार कायद्यातील 'सार्वजनिक ठिकाण' या संज्ञेची व्याप्तीही ध्यानात घेतली पाहिजे. लोकांना जाण्यायेण्याचा हक्क असलेली कोणतीही जागा त्यात येते आणि प्रवासी चढतात-उतरतात ते बसथांबेही येतात. म्हणजे एसटीचा फलाट या कलमाच्या कक्षेत स्पष्टपणे आहे. पण जीवनाची गरज निराळी असते. बॅटरी उतरलेली असली की एकदा बंद केलेली गाडी पुन्हा सुरू करायला चार माणसांचा धक्का लागतो. अशा गाडीचा चालक चहापुरते इंजिन बंद करत नाही. मळणीयंत्राला जोडलेल्या ट्रॅक्टरच्या आसनावर कोणी बसत नाही. तो चालू असतो आणि माणसे सोयाबीनच्या ढिगाभोवती असतात. शेतात हे चालते. तोच ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला आला की कलम लागू होते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. अशा दिवसांत टँकरवरचा पंप इंजिनावर चालत असेल आणि चालक पाइप धरून खाली उभा असेल, तर त्याचे आसन रिकामेच राहणार. त्या 'अथवा'चा दुसरा अर्थ अशा वेळी केवळ व्याकरणाचा प्रश्न राहात नाही.

या सगळ्या चित्रात एक माणूस कायद्याला नीट दिसलेला नाही. तो म्हणजे क्लीनर. चालक जेवायला उतरतो तेव्हा गाडीपाशी राहतो तो क्लीनर. काच पुसणे, चाकाखाली दगड लावणे, गाडी मागे घेताना हाळी देणे ही त्याची कामे. कलम म्हणते, आसनावर परवाना असलेली व्यक्ती हवी; क्लीनरकडे परवाना नसतो. परंतु तो चालक होतो कसा? शिकाऊ परवाना, शेजारी बसलेला परवानाधारक शिक्षक, गाडीवर लावलेले 'एल' अक्षर ही नियमांतील वाट आहे. गरीब घरातल्या मुलाची वाट बहुधा वेगळी असते. उस्ताद खाली उतरलेला, इंजिन चालू, आसन रिकामे : याच क्षणी तो प्रथम स्टिअरिंगवर हात ठेवतो. कायद्याने जी पोकळी निषिद्ध ठरवली, तीच त्याची शाळा. २००७ मध्ये व्यावसायिक वाहनाच्या परवान्यासाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अट आली आणि २०१९ मध्ये ती काढून टाकण्यात आली. मधल्या बारा वर्षांत, शाळा सुटलेल्या मुलांसाठी, ही दुसरी शाळा उरली आणि तिचे प्रमाणपत्र तेवढे मिळेनासे झाले.

ही शाळा निरुपद्रवी नाही. सर्वोच्च न्यायालयाचा १९८७ चा स्कँडिया इन्शुरन्स कंपनीच्या खटल्यातील निकाल या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. प्रकरण गुजरातमधील. ट्रकचा परवानाधारक चालक इंजिन चालू ठेवून काही खायला आणण्यासाठी उतरला; मागे राहिलेल्या क्लीनरने ट्रक चालवला; एका माणसाचा जीव गेला. विमा कंपनीचे म्हणणे असे की, परवाना नसलेल्याने गाडी चालवली, सबब पॉलिसीची अट मोडली, सबब आम्ही देणे लागत नाही. न्या. म. प्र. ठक्कर यांनी लिहिलेल्या निकालाने हे अमान्य केले. मालकाने गाडी परवानाधारक चालकाच्या हाती दिली होती. त्याने स्वतः अट मोडली नव्हती. तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा केला तो अपघातग्रस्तांना भरपाई खरोखर हाती पडावी म्हणून. अटींचा अर्थ या हेतूला धरूनच लावला पाहिजे. पुढील अनेक निकालांनी हा विचार उचलून धरला.

निकाल न्याय्य होता, यात आम्हांला शंका नाही. मात्र त्याची रचना पाहावी. त्यात मालक आहे, विमा कंपनी आहे, मृताचे कुटुंब आहे. क्लीनर केवळ कारण म्हणून येतो. त्याला त्या आसनाशी कोणी सोडले, हा प्रश्न भरपाईच्या हिशेबात मावत नाही. कायद्यात त्याचे उत्तर आहे, पण विखुरलेले. परवाना नसलेल्याला वाहन चालवू देणे हा कलम १८० खाली स्वतंत्र गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीने त्याचा दंड पाच हजार रुपये केला. अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालक अथवा मालक दोषी धरून तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंडाची तरतूदही त्याच दुरुस्तीने आणली. मात्र चालू गाडी सोडून जाण्याला वेगळा दंड नाही. ती किरकोळ गुन्ह्यांच्या सर्वसाधारण कलम १७७ मध्ये मोडते. पहिल्या वेळी पूर्वी शंभर रुपयांपर्यंत, आता पाचशे. परिणामाला मोठी शिक्षा आणि त्याआधीच्या क्षणाला नाममात्र, असा हा तोल आहे.

चोरीच्या बाबतीत अन्यत्र वेगळा विचार झाला. वॉशिंग्टन शहरात गाडी कुलूपबंद करून किल्ली काढून नेण्याचा नियम होता. १९४३ मध्ये तेथील अपील न्यायालयाने असे ठरवले की, किल्ली ठेवून सोडलेला ट्रक चोराने नेऊन कोणाला धडक दिली, तर ट्रक तसा सोडणाराही जबाबदार. कारण नियम रस्त्यावरील लोकांसाठी आहे, मालकाच्या मालमत्तेसाठी नव्हे. आपल्याकडे हा प्रश्न बहुधा विम्याच्या अंगाने येतो. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे किल्ली आतच राहिलेल्या एका वाहनाच्या चोरीचे प्रकरण आले, तेव्हा विमा रकमेच्या ७५ टक्के भरपाई देण्यात आली. निष्काळजीपणाची किंमत अशी पाव हिश्श्याने मोजली गेली.

उरला धूर. ब्रिटनच्या १९८६ च्या नियमांत दोन वेगळी कलमे आहेत : इंजिन बंद न करता गाडी सोडून जाऊ नये हे एक, आणि गाडी उभी असताना आवाज व धूर टाळण्यासाठी इंजिन बंद करावे हे दुसरे. आपल्या अधिनियमात पहिले आले, दुसरे आले नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये 'आयडलिंग' शब्द येतो तो मोजमापाची अवस्था म्हणून. पेट्रोल गाडी जागच्या जागी चालू ठेवायची आणि कार्बन मोनॉक्साइड मोजायचा. मूळ नियमात चारचाकीला ३ टक्के आणि दुचाकी-तीनचाकीला ४.५ टक्के ही मर्यादा होती. पीयूसीचे केंद्र असे एका निषेध नसलेल्या कृतीचा दाखला देत असते. सिग्नलला इंजिन बंद करा, हे सांगणे मोहिमांवर सोपवले आहे. दिल्ली सरकारची २०२० मधील मोहीम अशीच होती. तिच्यात विनंती होती, कायदा नव्हता.

१८३५ च्या गाडीवानापासून आजपर्यंत कायद्याने एकच प्रश्न विचारला आहे : ताबा कोणाकडे? हा प्रश्न योग्य आहे, आणि रिकाम्या आसनाची भीती खरी आहे. ती जिवावर बेतते. परंतु आसन रिकामे का राहते, हा प्रश्न तेवढाच खरा आहे. उतरलेली बॅटरी, पंपावर अवलंबून असलेले गाव आणि परवान्याची वाट न सापडलेला मुलगा यांची उत्तरे दंडाच्या पावतीत नाहीत. मराठवाड्यातील मोंढ्यांत आणि बसस्थानकांवर हे कलम सत्तरएक वर्षे लागू आहे. ते खऱ्या अर्थाने अमलात यायचे असेल, तर त्या आसनाशी उभ्या असलेल्या मुलाला आधी परवान्यापर्यंत पोचवावे लागेल. तोवर कायद्याला गाडी दिसत राहील आणि क्लीनर तिच्या सावलीत उभा असेल.