राज्य कोणावर?

लपाछपी सुरू होण्याआधी मुलं गोल करून उभी राहतात. एक जण गाणं म्हणत एकेका शब्दाला एकेकावर बोट ठेवत जातो. शेवटचा शब्द ज्याच्यावर पडेल तो सुटतो, शेवटी उरेल त्याच्यावर राज्य. हा सगळा नशिबाचा मामला, असं आपण मोठी माणसं धरून चालतो.

हेन्री कॅरिंग्टन बोल्टन हे अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी अनेक भाषांमधली अशी गाणी गोळा केली आणि १८८८ मध्ये पुस्तकरूपाने छापली. (प्रयोगशाळेतल्या माणसाला हा नाद लागावा, याचं आम्हाला कौतुक वाटतं.) प्राचीन काळी कौल लावून निवाडा करत, त्याचेच हे अवशेष, असं त्यांचं मत होतं.

गणितज्ञांना मात्र यात हिशेब दिसला होता. इ. स. ६७ मध्ये रोमन सैन्याच्या वेढ्यात सापडलेले ४१ ज्यू एका गुहेत लपले. शरण जाण्याऐवजी एकमेकांच्या हातून मरायचं ठरलं. शेवटी दोघे उरले, त्यांतला एक इतिहासकार जोसेफस. तो स्वतः फक्त सोडतीबद्दल लिहितो. वर्तुळात उभं राहून दर तिसरा मोजायचा, ही कल्पना १६१२ मध्ये फ्रान्सच्या बाशेने मांडली. तसं मोजलं तर १६वा आणि ३१वा वाचतो.

मग मुलांना हे कळत नसेल? केनेथ गोल्डस्टीन या लोकसाहित्याच्या अभ्यासकाने १९६०च्या दशकात फिलाडेल्फियातल्या मुलांचं निरीक्षण केलं. विचारलं तर मुलं म्हणत, हे नशिबावर असतं. प्रत्यक्षात कुणी गाण्याला शेपूट जोडे, कुणी मोजताना स्वतःला वगळे, कुणी उभं राहायची जागा बदले. त्याचा हा लेख १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला.

वर्गात पाच मुलं गोल उभी करा, नाहीतर पाच खडे मांडा. आठ शब्दांचं गाणं घ्या आणि मोजणाऱ्याने स्वतःपासून सुरुवात करावी. सुटलेल्याच्या पुढच्यापासून पुन्हा मोजायचं. तिसरा, दुसरा, पाचवा, चौथा असे सुटत जातात आणि राज्य येतं मोजणाऱ्यावरच! आता गाण्यात एकच शब्द वाढवा. मोजणारा सुटतो, राज्य दुसऱ्यावर जातं. सहावं मूल आलं की हिशेब पुन्हा बदलतो: आठ शब्दांना राज्य तिसऱ्यावर. सातव्याचं मुलांनाच काढू द्या.