थोरलेपणाचा हिशेब

थोरल्या अपत्यास बुद्धीचा वांटा अधिक मिळतो काय, हा प्रश्न घरोघरीं थट्टेचा असला, तरी शास्त्राच्या दप्तरीं त्याची नोंद 1874 सालीं झाली. फ्रान्सिस गाल्टन ह्यानें इंग्लंडांतील नामांकित शास्त्रज्ञांस लांबलचक प्रश्नावली धाडून त्यांच्या कुळाची व भावंडांची माहिती मिळविली, आणि त्या वर्षीं ती ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. जन्मक्रम कळला अशा सुमारें शंभरांपैकीं जवळजवळ निम्मे थोरले किंवा एकुलते पुत्र होते. गाल्टन हा आनुवंशिकतेचा कट्टर अभिमानी. परंतु एकाच आईबापांच्या मुलांतील हें अंतर रक्तानें उलगडेना. थोरल्यास वारसा मिळतो, आईबाप त्यास सोबती मानतात, जबाबदारी त्याजवर लवकर पडते, अशीं घरगुती कारणेंच त्याला द्यावीं लागलीं.

मौज अशी कीं, गाल्टन स्वतः शेंडेफळ! त्याची बहीण अडेल त्याच्याहून बारा वर्षांनीं वडील. पाठीच्या विकारामुळें ती बहुधा पडूनच असे, व ह्या धाकट्याचें शिक्षण हेंच तिनें आपलें काम मानलें. पांच वर्षें पुरीं होण्यापूर्वींच तो इंग्रजी पुस्तकें वाचूं लागला होता. प्रश्नावलीस उत्तर देणाऱ्यांत त्याचा मामेभाऊ डार्विनहि होता. हा सहा भावंडांत पांचवा. शाळेंत जाण्यापूर्वीं त्याला बहीण कॅरोलाइन शिकवी, आणि रसायनाचे प्रयोग तो बागेंतील अवजारांच्या खोलींत थोरल्या भावाच्या हाताखालीं शिकला. परंतु गाल्टनच्या कोष्टकांत मोजले गेले ते पुत्रच.

मला पाढे माझ्या ताईनें शिकविले. त्यामुळें तिचेच अधिक पक्के झाले, असें ती अजून सांगते. ह्या घरगुती अनुभवास पुढें शास्त्राचीहि पुष्टि मिळाली. 1973 सालीं हॉलंडमधील एकोणीस वर्षांच्या जवळजवळ 4 लाख तरुणांच्या बुद्धिपरीक्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जन्मक्रमानें खालीं यावें तसतसे गुण थोडेथोडे उतरत होते. मात्र आईबापांचें सारें लक्ष ज्याच्या वांट्यास, तो एकुलता मुलगा दोन भावंडांतील थोरल्याच्या मागें पडला. रॉबर्ट झायन्स ह्या मानसशास्त्रज्ञानें ह्याचा उलगडा असा केला कीं, एकुलत्यास शिकवावयाला धाकटें कोणी नसतें, आणि शिकवितांना शिकविणाऱ्याची बुद्धि घांसली जाते.

2007 सालीं नॉर्वेंतील सुमारें 2 लाख 41 हजार तरुणांची अशीच पाहणी प्रसिद्ध झाली. थोरला व दुसरा ह्यांत सरासरी अंतर दोनतीन गुणांचें; तेवढ्यावरून कोणा एका घरांतील मुलांची पारख करणें वेडेपणाचें होईल. परंतु जेथें पहिलें मूल तान्हेपणींच दगावलें होतें, तेथें दुसऱ्याचे गुण थोरल्यांच्या बरोबरीचे निघाले. तेव्हां जन्माच्या क्रमापेक्षां घरांत थोरलें म्हणून वाढण्याचाच हा परिणाम दिसतो.

ह्याहि वेळीं परीक्षा झाली ती लष्करभरतीस आलेल्या मुलग्यांची. अडेलसारख्या बहिणींचे गुण ह्या दप्तरांत शोधूनहि सांपडावयाचे नाहींत.